चुलीचं धुराडं घरच्या घरी साफ करताना: कोकणातल्या कौलारू घरासाठी

कोकणात धुराडं साफ करायची वेळ वर्षातून दोनदा येते. एकदा मे महिन्यात, कौलं परतायला माणसं छपरावर चढलेलीच असतात तेव्हा. दुसऱ्यांदा गणपतीच्या आठवडाभर आधी. मुंबईची मंडळी घरात आली की न्हाणीतलं चुलाण पहाटे पेटतं आणि मागल्या पडवीतली चूल रात्रीपर्यंत विझत नाही. मे महिन्यात छप्पर कोरडं असतं, भाद्रपदात त्यावर शेवाळ असतं. म्हणून मे मधली सफाई वरून करावी आणि गणपतीआधीची खालून, जमिनीवर उभं राहून. खालून सफाई होत नाही असं वाटत असेल तर धुराड्याच्या बुडाशी तशी सोय केलेली नाही एवढंच. ती कशी करायची ते पुढे येईल.

इथली सगळी मापं 4 इंची पाईपाची आहेत, कारण दोन वैलांच्या, म्हणजे भांडं ठेवायची दोन तोंडं असलेल्या, निर्धूर चुलीला बहुधा तोच असतो. पाईप 6 इंची असेल तर ब्रश मोठा करायचा, बाकी रीत तीच.

काजळी कुठून येते

लाकडाच्या धुरात वाफ असते, न जळलेले वायू असतात आणि डांबरी अंश असतो. पाईपाची आतली बाजू साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली राहिली की हा डांबरी अंश तिथेच गोठतो. पावसाळ्यात सगळं त्याच्या सोयीचंच असतं. लाकूड दमट, कौलाच्या वरचा पाईप पावसाने गार, आणि पाणी तापत ठेवायचं म्हणून दिवसभर मंद धुमसणारी आच. चूल भरपूर पेटली म्हणून काजळी धरते असं पुष्कळांना वाटतं. धरते ती धुमसल्यामुळे.

साफ करण्याआधी ती कोणत्या जातीची आहे ते पाहावं. मऊ, बोटाला लागणारी भुकटी असेल तर कसल्याही ब्रशाने निघते. काळ्या, कुरकुरीत खपल्या असतील तर कडक ब्रश लागतो, पण निघतात. तिसरी जात चकचकीत, डांबर ओतून वाळवल्यासारखी. तिच्यावरून ब्रश नुसता घसरतो. ती छिन्नीने ठोकून काढायच्या भानगडीत पडू नये; पाईप फाटतो किंवा तडकतो आणि थर तसाच राहतो. पत्र्याच्या पाईपात असा थर झाला असेल तर तेवढा तुकडा बदलावा.

थराची जाडी मोजायला नारळाचा हीर, म्हणजे झावळीच्या पात्यातली कडक काडी, पुरतो. चूल गार असताना बुडाशी हात घालून हिराच्या टोकाने खरवडायचं आणि थर कुठवर आहे ते पाहायचं. 3 मिलिमीटर, म्हणजे हिराच्या बुडख्याएवढी जाडी झाली की सफाई पुढे ढकलू नये. 6 मिलिमीटर असेल तर सफाई होईपर्यंत ती चूल पेटवूच नये. पत्र्याच्या पाईपावर लाकडाने टिचकी मारूनही अंदाज येतो. मोकळा पाईप खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. सांध्यातून काळे ओघळ येत असतील किंवा चूल पेटवताना धूर पहिल्या वैलातून परत फिरत असेल, तर आत तपासायची वेळ झालीच आहे.

आधी पाईप कशाचा आहे ते बघा

जुन्या घरांत, विशेषतः 1980 च्या दशकापासून सरकारी सुधारित चूल योजनेतून बसवलेल्या चुलींना, राखाडी सिमेंटी पाईप असतात. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याचा संभव मोठा. हे तंतू सुटून श्वासावाटे गेले तर फुप्फुसांना कायमची इजा करतात. अशा पाईपावर तारेचा ब्रश, कानस, ग्राइंडर काही चालवायचं नाही. काथ्याचा मऊ ब्रश, तोही आधी पाण्याचा फवारा मारून, आणि तोंडावर पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क; या तंतूंना एन-95 पुरत नाही. पाईप बाहेरून भुरभुरीत झाला असेल किंवा तडा गेला असेल तर सफाई करत बसू नये, पाईप बदलावा. काढताना ओला करून अखंड उतरवायचा, फोडायचा नाही.

पत्र्याच्या पाईपाचा शत्रू वेगळा. समुद्राजवळ खाऱ्या हवेने तो बाहेरून गंजतो, आणि आतून ओली आम्लधर्मी काजळी त्याला खाते. सफाईच्या वेळी दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून पाहावं. पत्रा दबला की त्याचे दिवस संपले. नवा घेताना परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, किनाऱ्यावर तो पुष्कळ जास्त टिकतो.

ब्रश घरीच बनवा

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात धुराड्याचा ब्रश मिळेलच असं नाही. बॉयलरच्या नळ्या साफ करायचा ब्रश मोठ्या शहरात मिळतो आणि पत्र्याच्या पाईपाला तो चांगला. पण माड दारात असताना ब्रश विकत आणायची गरज नाही.

ताज्या झावळीचे तीसेक जाड हीर काढा आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. कोरडे हीर पिळताना तुटतात. सकाळी त्यांचे साडेचार इंचाचे तुकडे करा, बुडख्याकडचे जाड तेवढे घ्या, शेंड्याकडचे लवचिक भाग टाकून द्या. असे दीडशेच्या आसपास तुकडे लागतात. आता 12 गेजची पाच फूट जी. आय. तार मधोमध दुमडून दुपदरी करा. दुमडीचा फास खांबाच्या खिळ्याला अडकवा. दोन तारांच्या मध्ये हिराचे तुकडे आडवे, एकमेकांना चिकटून, सहा इंच लांबीत दोन थर होतील असे बसवा आणि घसरू नयेत म्हणून सुतळीचा एक सैल वेढा द्या. तारेची मोकळी टोकं एका दांडक्याला बांधा, तार ताणून धरा आणि दांडका एकाच दिशेला फिरवत राहा. पंधरा-वीस फेऱ्यांत तार पीळ खाते आणि हीर गोल गोल उलगडत चहूबाजूंनी उभे राहतात. मोकळ्या टोकांचाही फास करा. सुतळी काढा, ब्रश उन्हात वाळवा आणि कात्रीने छाटून सव्वाचार इंच व्यासाचा करा. पाईपापेक्षा पाव इंच जास्तच हवा, तरच तो घासतो. अर्धा इंच जास्त झाला तर अडकतो.

सिमेंटी पाईपासाठी हिरांऐवजी सोडणातला काथ्या याच रीतीने भरावा.

दोन्ही टोकांना फास का? कारण ब्रश दोन्हीकडून दोरीला बांधायचा असतो. एकाच दोरीने खाली सोडलेला ब्रश मधे अडकला तर ओढायला दुसरी बाजू उरत नाही, आणि मग पाईप उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. 8 मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या. धुराड्याच्या उंचीपेक्षा तीन फूट जास्त असे दोन तुकडे. पाईपातून दोरी पहिल्यांदा खाली सोडायला 20 मिलिमीटरच्या सळईचा फूटभर तुकडा वजन म्हणून बांधावा. दगड बांधू नये, तो कडेला आपटतो.

बाकी सामान घरातलंच: विजेरी, हातभर लांब दांडीला बांधलेला लहान आरसा, जुनी चादर, भिजवलेली तीन-चार गोणपाटं, झाकणाचा पत्र्याचा डबा, लांब बाह्यांचा जुना सदरा, हातमोजे, चष्मा आणि एन-95 मास्क. तोंडाला नुसता टॉवेल बांधून ही धूळ अडत नाही.

आदल्या दिवसापासून

चूल पूर्ण 24 तास विझलेली हवी. वरून राख गार लागली तरी आत निखारा धरून राहतो, आणि ब्रशाने पडलेली कोरडी काजळी त्यावर पडली की पेट घेते. त्या दिवशीचं जेवण गॅसवर करावं. राख आधीच काढून पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावी. प्लास्टिकची बादली नको.

चुलीजवळचं सगळं हलवा. माळ्यावर गवत, सुकी सोडणं, पेंढा असेल तर धुराड्याभोवती दोन हात जागा मोकळी करा. ती तशी कायमच मोकळी असायला हवी. उघड्या पत्र्याच्या पाईपापासून वासे, रिपा असं जळणारं काहीही दीड फुटाच्या आत नसावं. जिथे पाईप छपरातून जातो तिथे हे जमत नाही, म्हणून तिथे रिपा कापून पत्र्याची दुहेरी चौकट बसवतात आणि मधे हवा खेळती ठेवतात. तुमच्याकडे रीप पाईपाला टेकलेली असेल आणि काळवंडली असेल तर सफाईआधी सुताराला बोलवा.

दोन्ही वैलांवर आणि चुलीच्या तोंडावर ओली गोणपाटं दाबून बसवा. धुराड्याच्या बुडाचं तोंड उघडं ठेवून खाली डबा आणि भोवती चादर.

वरून सफाई

हे फक्त कोरड्या दिवशी, दुसरं माणूस खाली असताना. शिडीचं बूड दर 12 फूट उंचीला भिंतीपासून 3 फूट लांब ठेवावं आणि तिचं डोकं बांधून घ्यावं. मंगलोरी कौलावर मधोमध पाय देऊ नये; वाशांना आडवी फळी टाकून तिच्यावरून जावं. विजेची सर्व्हिस वायर धुराड्याच्या जवळून जात असेल तर लोखंडी शिडी अजिबात वापरू नका. आणि टोपीला हात घालण्याआधी काठीने पाईपावर दोनदा ठोका. बंद चुलीच्या धुराड्यात गांधीलमाश्या घर करतात.

टोपी काढा. पाखरं शिरू नयेत म्हणून तिच्याखाली बारीक जाळी लावलेली असेल तर अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. काजळी सगळ्यात आधी जाळीवर धरते आणि पाईप मोकळा असूनही धूर मागे येतो. जाळी अर्ध्या इंचाहून बारीक नसावी.

सळई बांधलेली दोरी खाली सोडा. खालच्या माणसाने सळई सोडवून दोरी धरायची. वर ब्रश मधे बांधून घ्या. मग वरच्याने ढिली सोडायची, खालच्याने ओढायची, आणि उलट. एका दमात वरून खाली नको. हातभर खाली, वीतभर वर, पुन्हा हातभर खाली. अशा पाच-सहा फेऱ्यांत खपल्या पडायचा आवाज थांबतो. सांध्यांशी ब्रश जरा जास्त वेळ फिरवा, काजळी तिथल्या कडेवर बसते. ब्रश अडकला तर झटका मारायचा नाही. दोघांनी आळीपाळीने हलकं ओढायचं, सुटतो.

उतरण्याआधी टोपी घासा आणि बसवताना टोपीच्या पत्र्यात आणि पाईपाच्या तोंडात निदान 2 इंच मोकळी जागा राहते ना ते मोजा. पाऊस आत येतो म्हणून टोपी खाली दाबून बसवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. पाऊस थांबतो आणि धूरही.

खालून सफाई

पावसाळ्यात हाच मार्ग. माणग्याची (बांबूची) काठी फोडून इंचभर रुंद, बोटापेक्षा थोडी बारीक अशी कांब काढा, तिच्या धारा कोयत्याने तासा म्हणजे हात कापत नाहीत. बारा फुटांची एक पुरत नसेल तर दोन कांबी दीड फूट एकमेकींवर ठेवून तीन ठिकाणी तारेने आवळा. टोकाला ब्रश बांधा, ब्रशाच्या खालच्या फासातून सुरक्षेची दोरीही घ्या. कांब वाकून आत शिरते आणि सरळ पाईपात वर जाते. टोपीपर्यंत पोचल्याचं हाताला कळतं, तिथे ठोकू नका. गटार साफ करायच्या पेचाच्या सळया वापरत असाल तर त्या फक्त उजवीकडे फिरवायच्या. डावीकडे फिरवल्या की पेच सुटतो आणि ब्रश वरच राहतो.

यासाठी बुडाशी तोंड हवं. पत्र्याच्या पाईपाला कोपऱ्याच्या जागी बाक न देता ‘टी’ बसवून घ्यावा, खालच्या तोंडाला झाकण. धुराडं भिंतीतून चढत असेल तर बुडाचा एक चिरा किंवा वीट मातीत सुटी बसवावी. गवंड्याचं तासाभराचं काम आहे, पण त्यानंतर पावसात कुणाला कौलावर चढावं लागत नाही. नवीन चूल घालताना ही सोय न करणं हा शुद्ध आळस.

चुलीच्या पोटातला मार्ग

पाईप चकाचक झाला आणि तरी चूल धुरकटते, असं झालं की पाहायचं इथे. पहिल्या वैलाखालून दुसऱ्याकडे आणि तिथून पाईपाकडे जाणारी वाट असते. राख उडून तिथे साचते, आणि ब्रशाने पाडलेली अर्धी काजळीही नेमकी तिथेच येऊन पडते. म्हणून पाईप झाल्यावर अर्धा तास धूळ बसू द्या आणि मग गोणपाटं काढा.

वाकवलेली जुनी पळी किंवा करवंटीची डोय दुसऱ्या वैलातून आत घालून राख आपल्याकडे ओढा. पाईपाच्या दिशेचं भोक हाताने चाचपा. त्याच्या खालच्या कडेला राखेचा घट्ट थर असतो. एक काळजी मात्र घ्यायची. दुसऱ्या वैलाखाली मातीचा उंचवटा असतो, तो जाळ वर भांड्याकडे वळवतो. राखेबरोबर तोही खरवडला गेला तर जाळ सरळ धुराड्यात जातो, भांडं तापत नाही, लाकूड दुप्पट जळतं आणि पाईप लालबुंद होतो. उंचवटा झिजला असेल तर मातीने पुन्हा बांधावा. भांड्याच्या बुडापर्यंत साधारण दोन बोटं जागा ठेवावी.

तपासणी आणि लिंपण

आरसा बुडाशी धरून वर पाहिलं की आकाशाचा गोल तुकडा दिसला पाहिजे, कडा गोल आणि स्वच्छ. टोपीमुळे फक्त उजेडाची कड दिसेल, तीही चालेल. चंद्रकोरीसारखं दिसलं तर कुठेतरी खपली, घरटं किंवा सरकलेला सांधा आहे.

सांध्याची दिशा बघा. वरच्या पाईपाचं तोंड खालच्याच्या आत गेलेलं हवं. उलट असेल तर पाईपात निथळणारं काळं पाणी सांध्यातून बाहेर येऊन भिंत खराब करतं. धूर बाहेर येऊ नये म्हणून सांधे उलटे बसवणारे कारागीर आहेत, त्यांचं ऐकू नका. चांगल्या ओढीच्या धुराड्यात धूर बाहेर येतच नाही, हवा आत खेचली जाते.

फटी भरायला तीन भाग वारुळाची माती, एक भाग शेण, एक भाग भाताचं तूस. घट्ट मळून रात्रभर मुरू द्या. लिंपून दोन दिवस सावलीत वाळवा आणि मगच चूल पेटवा, नाहीतर तडे जातात. एम-सील, सिलिकॉन ही गार जागेची औषधं; गरम पाईपावर ती जळून वास मारतात. नुसतं सिमेंटही उष्णतेने सुटतं. कौलाजवळ पाऊस अडवायला डांबरी पट्टी थेट पाईपाला गुंडाळू नये, पत्र्याची कॉलर पाईपावर बसवून ती कौलावर उतरती करावी.

पहिली पेट

एकच वर्तमानपत्राचं पान चुरगळून दुसऱ्या वैलात, पाईपाच्या तोंडाशी पेटवा. पाईप गरम होतो, ओढ सुरू होते. मग पहिल्या वैलात बारीक काटक्या. ज्योत पाईपाकडे झुकली की झालं. धूर मागे आला तर आधी वैलावरची भांडी नीट बसली आहेत का ते पाहा. फटीतून हवा शिरली की ओढ तुटते. तेही ठीक असेल तर धुराड्याची उंची मोजा. ते छपरातून निदान 3 फूट वर हवं आणि दहा फुटांच्या आतल्या आढ्याहून किंवा भिंतीहून 2 फूट उंच. फक्त नैऋत्येचा वारा असतानाच धूर परत येत असेल तर दोष उंचीत किंवा टोपीत आहे, काजळीत नाही.

बंद खोलीत चूल पेटली असताना डोकं जड होणं, मळमळणं याला उकाडा समजू नका. ते कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे असू शकतं, आणि त्याला वास नसतो. माणसांना लगेच बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, आणि धुराडं मोकळं झाल्याची खात्री होईपर्यंत चूल बंद.

धुराड्यात आग लागली तर

घोंघावणारा आवाज येतो, पाईप थरथरतो, वरून ठिणग्या किंवा ज्वाळा निघतात. आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाऊ शकते. सर्वांना बाहेर काढा, 101 किंवा 112 ला फोन करा. जमत असेल तर चुलीतल्या लाकडांवर राख किंवा वाळू टाकून तोंड आणि वैल ओल्या गोणपाटांनी बंद करा. हवा तुटली की आग मरते. तापलेल्या पाईपात वरून पाणी ओतू नका, सिमेंटी पाईप तडकून फुटतो. आग विझल्यावरही माळा आणि वासे काही तास तपासत राहा. पुन्हा चूल पेटवण्याआधी सगळा पाईप उतरवून बघायचा.

काय जाळू नये

दिवाळीनंतर तोडून फोडलेलं लाकूड मे पर्यंत बऱ्यापैकी वाळतं, वैशाखात तोडलेलं पावसाआधी वाळत नाही, कितीही ऊन दिलं तरी. फोडी तीन-चार इंचांपेक्षा जाड नकोत. दोन लाकडं एकमेकांवर वाजवून पाहा, सुकं टणटणतं. ऐन, किंजळ, अकेशिया, सुरू काहीही चालेल, वाळलेलं हवं.

काजूची टरफलं चुलीत नकोत. त्यांतलं तेल जळून जो धूर होतो तो डोळ्या-घशाला झोंबतो आणि पाईपाला चिकट थर देतो. काजूचं लाकूड वेगळं, ते वाळलेलं असेल तर हरकत नाही. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूडही नको. त्यातलं मीठ जळताना पत्र्याला खाणारी आम्लं तयार होतात. जुन्या होडीच्या रंगवलेल्या, डांबर लावलेल्या फळ्यांबद्दल तर बोलायलाच नको, कितीही छान पेटल्या तरी.

निघालेली काजळी आणि राख एकत्र करू नका. निव्वळ लाकडाची राख माडाच्या आळ्यात, भाजीच्या वाफ्यात पसरून टाकता येते. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीला ती मानवते. काजळी, विशेषतः डांबरी खपल्या, भाजीपाल्याला नकोत. डब्यात झाकून एक दिवस राहू द्या, मग विहीर आणि पऱ्ह्यापासून (ओढ्यापासून) लांब, फूटभर खड्ड्यात पुरून टाका. हात धुण्याआधी खोबरेल चोळा. नुसत्या साबणाने ती फक्त पसरते. आणि अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.